वळवाआधीची बारीक रेघ: कोऱ्या आभाळात रडार कसं वाचावं

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात दुपारी दोनला आभाळ कोरं असतं आणि पाचला केळीच्या बागा आडव्या झालेल्या असतात. मधल्या तीन तासांतली वाऱ्याची हालचाल रडारला दिसते. पाऊस पाहण्याची नेहमीची मांडणी मात्र ती पुसून टाकते.

म्हणून आधी पडद्यावर दिसणाऱ्या प्रतिध्वनीची खालची मर्यादा उणे 10 डीबीझेडपर्यंत (प्रतिध्वनीची ताकद मोजायचं एकक) उतरवा. अँटेना क्षितिजापासून अर्धा अंश वर ठेवून संथ फिरवा. जास्त पल्सची (रडार सोडतं त्या लहरींच्या झटक्यांची) सरासरी निघते आणि क्षीण प्रतिध्वनी गोंगाटातून वर येतो. हा प्रतिध्वनी दिवसा बहुतेक किड्यांचा असतो. वर चढणारी हवा त्यांना थंड थरात ओढते, ते खाली राहायला धडपडतात, आणि दोन वारे भिडतात तिथे दाटतात. पडद्यावर रेघ उमटते ती त्यांचीच.

दहा मिनिटांच्या अंतराने दोन चित्रं घ्या. रेघ 6 किलोमीटर सरकली तर वेग ताशी 36 किलोमीटर. मोहोळवर असलेली अशी रेघ सोलापूरकडे येत असेल, तर साधारण 55 मिनिटांत पोचेल. दोन रेघा एकमेकींना छेदतात ती जागा डोळ्यांत तेल घालून पाहा, नवा ढग बहुधा तिथेच उभा राहतो.

अंतराचं भान हवं. रडार सोलापुरात असेल, तर पंढरपूरवर त्याचा किरण जमिनीपासून सुमारे 750 मीटरवर असतो, 100 किलोमीटरवर जवळजवळ दीड किलोमीटर. ढगातून बाहेर पडणाऱ्या थंड हवेचा उथळ झोत त्याखालूनच निघून जातो. लांबवर रेघ दिसली नाही, म्हणजे ती नाही असं धरू नका.

टेकड्या-इमारतींचे प्रतिध्वनी काढणारा फिल्टर शून्य वेगाचं सारं कापतो. रडार फक्त किरणाच्या दिशेतला वेग मोजतं, म्हणून वारा किरणाला आडवा असेल तिथे खरी माहितीही त्यात जाते; फिल्टर बंद करून एकदा ताडून पाहाच.

सर्वांत फसवी चूक वेगाची. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी सोलापुरात सी-बँड रडार वापरलं. त्याची तरंगलांबी सुमारे 5 सेंटिमीटर. सेकंदाला 1,000 पल्स धरले तर सेकंदाला 13 मीटरच्या आसपासचाच वेग सरळ मोजता येतो. पावसाळ्यात दीड किलोमीटर उंचीवरचा पश्चिमेचा वारा अनेकदा त्याहून जोरात वाहतो, आणि पडद्यावर उलट दिशेचा दिसतो. पल्सचे दोन दर आलटून पालटून लावा, आकडा जागेवर येतो.