बोरघाटात गाडी टिपताना

घाटात रेल्वेगाडीचा फोटो घेताना शटर स्पीड गाडीच्या वेगावर ठरतो आणि उभं राहायची जागा उन्हावर. लेन्सचा विचार त्यानंतर.

ताशी 100 किमीने जाणारी गाडी सेकंदाला 28 मीटर कापते. म्हणजे शटर 1/500 सेकंद उघडं राहिलं तर ती साडेपाच सेंटिमीटर सरकते, 1/1000 ला तीनपेक्षा कमी. मळवली-कामशेतच्या सपाटीवर बाजूने टिपताना 1/1000 च्या खाली उतरू नका. समोरून येत असेल तर 1/500 चालतो. कर्जतहून वर निघालेली गाडी मात्र दर 37 मीटरला 1 मीटर चढत असते, म्हणून हळू जाते. तिथे 1/320 पुरतो आणि पावसाळी अंधारात आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, फार वाढवावी लागत नाही. लोकलची एलईडी पाटी वेगळी: वेगवान शटरला अक्षरं अर्धीच उमटतात. गाडी थांबल्यावर 1/100 ला घ्या. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर सायलेंट मोड बंदच ठेवा. बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे डबे तिरके पडतात.

हेडलाइट कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला फसवतो आणि इंजिन काळंठिक्कर येतं. गाडी यायच्या आधी रुळाशेजारच्या गवतावर मीटरिंग करून मॅन्युअलवर एक्स्पोजर पक्कं करा. पांढऱ्या वंदे भारतसाठी एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमी. पावसात ऑटोफोकसही त्याच दिव्यावर चाचपडतो, म्हणून इंजिन जिथे हवं तिथल्या खांबाच्या पायथ्यावर आधीच फोकस करून तो मॅन्युअलवर टाका. त्या खांबाशी चार-पाच फ्रेम पुरे. लांबूनच बर्स्ट (सलग फ्रेम) दाबला की बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, भरतो आणि नेमक्या क्षणी कॅमेरा अडतो. पेंटोमागे (इंजिनाच्या छतावरच्या वीज घेणाऱ्या दांड्यामागे) खांब उगवतोय का, हे आधीच्या मालगाडीवर तपासून घ्या.

आता ऊन. डेक्कन क्वीन सकाळी पुण्याहून पश्चिमेकडे येते, संध्याकाळी मुंबईहून पूर्वेकडे जाते. दोन्ही वेळा सूर्य ढोबळमानाने तिच्या शेपटाकडे! तोंडावर सावली येणारच, मग हट्ट कशाला? संध्याकाळी चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. गाडी पुढे जाऊ द्या आणि वळणावर उन्हात न्हालेले ते बँकर टिपा. आमच्या मते घाटातली खरी फ्रेम तीच. 70-200 मिमी लेन्स यासाठी पुरते. दुपारी त्याहून लांबची लेन्स लावली तर तापलेल्या खडीवरची हवा थरथरते आणि चित्र मऊ पडतं.

रुळांवर उतरू नका. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली तो गुन्हा आहे. वर 25,000 व्होल्टची तार असते, तेव्हा पुलावरून मोनोपॉड किंवा छत्री तिच्याकडे नेऊ नका. फलाटावर ट्रायपॉड मांडायचा तर आधी स्टेशन मास्तरांना विचारा.

एसी डब्यातून उतरल्यावर कॅमेरा अर्धा तास बंद झिपच्या पिशवीत राहू द्या, नाहीतर दमट हवेत काचेवर वाफ धरते. घरी आल्यावर बॅग उघडी ठेवून वाळवा. लेन्सच्या डब्यातली निळी सिलिका जेल गुलाबी झाली की मंद आचेवर पुन्हा निळी होईपर्यंत तापवा. त्यासाठी तवा मात्र स्वयंपाकाचा नको.