‘वायफायच गायब झालंय’ म्हणणारं गिऱ्हाईक आणि मी उगाच उघडलेला फोन

गोव्यात म्हापशाच्या मार्केटजवळ एका मोबाईलच्या दुकानात मी पाच वर्षं काउंटर सांभाळला, आता पेडण्यात स्वतःचं छोटं दुकान आहे. आयटीआय झालेली पोरं येतात, विचारतात दादा रिपेरिंग शिकायला काय काय लागतं, आणि सगळ्यांचे प्रश्न तेच, हीट गन कुठली घेऊ, मायक्रोस्कोप लागतो का, आयसी रिबॉलिंग, म्हणजे चिपखालचे सोल्डरचे गोळे नव्याने बसवणं, किती दिवसांत येतं. सेटिंग्जबद्दल आजवर एकानेही विचारलेलं नाही. आणि माझा पहिला मोठा पोपट सेटिंग्जनेच केलेला.

झालं असं की शुक्रवारच्या बाजाराचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि एक तारवटी आला. तारवटी म्हणजे शिपीवर, बोटीवर काम करणारे, आमच्याकडे प्रत्येक वाड्यावर एखादा तरी असतोच. चिनी कंपनीचा अँड्रॉइड फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, ‘अरे बाब, वायफायच ना जालें.’ मी सेटिंग्ज उघडली, वरून खाली एकदा बघितलं, खरंच वायफाय असं कुठेच लिहिलेलं नाही. त्यात तो म्हणतो की घरी आल्यापासून एकदा पण नेट लागलं नाही. झालं, मी निदान करून मोकळा, वायफायची आयसी गेली. पाठीमागचं पॅनल गरम करून काढलं पण, तोपर्यंत आमचे सिनियर चहा पिऊन आले. त्यांनी फोन तसाच उघडा चालू केला, सेटिंग्जमधल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, हे काय लिहिलंय? मी वाचलं, डब्ल्यू-लॅन. मग? मग काही नाही, माझी बोलती बंद.

भाषा इंग्रजीच होती, पण फोनमधला रिजन, म्हणजे फोन कुठल्या देशाच्या पद्धतीने चालायचा ती सेटिंग, भारत नव्हता. बोटीवर कोणीतरी कुठल्यातरी थीमसाठी तो बदलून दिलेला, आणि त्या कंपनीच्या फोनात रिजन बदलला की वायफायच्या जागी डब्ल्यू-लॅन येतं. रिजन परत भारत केला, फोन रीस्टार्ट केला, वायफाय हजर. आणि घरी नेट का लागत नव्हतं? कारण हा बोटीवर असताना भावाने राउटरचा पासवर्ड बदललेला! म्हणजे दोन गोष्टींचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता, पण एकाच वेळी समोर आल्या म्हणून आम्ही दोघांनी त्यांची गाठ मारली. पॅनल परत चिकटवायचा गम माझ्या पगारातून गेला.

तर हे डब्ल्यू-लॅन काय भानगड आहे ते आधी सांगतो, कारण गिऱ्हाईक विचारतं. वायरलेस लॅन, म्हणजे घर-ऑफिसपुरतं बिनतारी नेटवर्क, हे तंत्राचं साधं नाव, त्याचं शॉर्टफॉर्म डब्ल्यू-लॅन. त्याचं स्टँडर्ड आय ट्रिपल ई या इंजिनियरांच्या संस्थेने १९९७ साली काढलं, नंबर ८०२.११. आता असा नंबर घेऊन दुकानात वस्तू कोण विकणार, म्हणून १९९९ मध्ये कंपन्यांनी मिळून एक संघटना केली आणि एका ब्रँडिंग कंपनीकडून नाव करून घेतलं, वायफाय. म्हणजे वायफाय हा ट्रेडमार्क आहे, त्या संघटनेची टेस्ट पास केलेल्या वस्तूवर लागणारा शिक्का. वायरलेस फिडेलिटी वगैरे फुलफॉर्म लोक इंटरव्यूत सांगतात, तो मागाहून चिकटवलेला आहे.

चीनचं प्रकरण वेगळं. त्यांनी २००३ साली वापी नावाचं स्वतःचं सुरक्षा स्टँडर्ड आणलं आणि जून २००४ पासून ते सक्तीचं करणार होते, अमेरिकेशी वाद झाला आणि एप्रिल २००४ मध्ये ती सक्ती पुढे ढकलली. पण विषय संपला नाही, २००९ मध्ये आयफोन तिथे पहिल्यांदा अधिकृतपणे विकायला आला तो चक्क वायफायशिवाय. वायफाय बंद असलेला आयफोन, विचार करा. नंतर वापी टाकून चालू केलं. चीनच्या बाजारासाठी बनवलेल्या आयफोनात आजही इंग्रजी भाषा ठेवली तरी डब्ल्यू-लॅनच दिसतं.

नवीन माणूस इथेच घसरतो, कारण ‘फोन बाहेरचा आहे’ या एका वाक्यात तो सगळं कोंबतो. खरं तर भाषा वेगळी, रिजन वेगळा, मॉडेल कुठल्या देशासाठी बनलंय ते वेगळं आणि आत सिम कुठलं आहे ते अजून वेगळं. भाषा बदलली की शब्द बदलतात. आणि भाषा म्हणजे नुसती इंग्रजी नाही, कुठली इंग्रजी ते बघायचं, आयफोनात अमेरिकन इंग्रजी ठेवली तर सेल्युलर दिसतं आणि ब्रिटिश ठेवली तर त्याच जागी मोबाईल असा शब्द येतो, एअरप्लेन मोडचा एरोप्लेन मोड होतो. अमेरिकेहून आलेल्या पाहुण्यांचा फोन हातात घेऊन ‘मोबाईल डेटा कुठे गेला’ म्हणून मी पाच मिनिटं शोधलंय, तेव्हा हसू नका.

रिजन बदलला की मुख्यतः आकडे आणि तारखा बदलतात, एक लाख लिहिताना स्वल्पविराम कुठे पडतो, तारखेत आधी महिना की आधी दिवस, तापमान कुठल्या मापात, असलं सगळं. काही कंपन्या त्याच रिजनवर मेनूतली नावं आणि फीचरंही बांधून ठेवतात, त्या तारवट्याच्या फोनात तेच झालं होतं. मॉडेलचं मात्र सेटिंग्ज बदलून काही होत नाही. आयफोनात अबाउटमध्ये मॉडेल नंबरच्या शेवटी, तिरक्या रेघेच्या आधी, अक्षरं असतात, एचएन म्हणजे भारताचा, एलएल म्हणजे अमेरिकेचा, सीएच म्हणजे चीनचा. आणि ट्रे काढल्यावर दोन फिजिकल सिमच्या जागा दिसल्या तर तो आयफोन चीन, हाँगकाँग किंवा मकाऊचा समजायचा. जुना फोन विकत घेताना पण हे कामाला येतं.

चौथी गोष्ट सिम. वरच्या पट्टीत फोरजी दिसावं की एलटीई, हे बऱ्याचदा सिम कंपनीच्या प्रोफाइलवर ठरतं, तुमच्या रिजनवर नाही. २०१९ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीने साध्या फोरजीच्या फोनांवर फाइव्हजी ई असं अक्षर दाखवायला सुरुवात केली, फोन तोच, टॉवर तोच, नुसती पट्टीवरची अक्षरं बदलली. तेव्हा ‘माझ्या फोनात एलटीई येतं, फोरजी येतच नाही’ म्हणून कोणी भांडायला आलं तर शांतपणे सांगायचं की दोन्ही एकच आहे. पटत नाही लोकांना, पण सांगायचं.

पर्यटकांच्या सीझनमध्ये हरमल, मोरजी, हणजूणच्या किनाऱ्यांवरून गिऱ्हाईक येतं तेव्हा खरी परीक्षा. एक जर्मन बाई आली आणि विचारते वेलान, वेलान. मला वाटलं कुठल्यातरी हॉटेलचं नाव असणार, मी बाहेर येऊन रस्ता दाखवायला लागलो. जर्मन लोक डब्ल्यूला वे म्हणतात, म्हणून डब्ल्यू-लॅनचं वेलान! त्यांच्याकडे रोजच्या बोलण्यात पण हेच चालतं, फोनातही तेच लिहिलेलं. म्हणजे एकच शब्द, जर्मन फोनात आला तर ती त्यांची भाषा आणि इंग्रजी फोनात आला तर कुठेतरी चीनचा धागा, असा माझा पहिला अंदाज असतो. इस्रायली पोरांचे फोन अजून मजेशीर, हिब्रू उजवीकडून डावीकडे, त्यामुळे अख्खा स्क्रीन आरशात बघितल्यासारखा उलटा, चालू-बंदचं बटण डावीकडे आणि मागे जायचा बाणही उलटा. गल्फमधून आलेल्या आपल्या माणसाने अरबी भाषा लावून ठेवली असेल तर तेच. आणि आमच्या गोव्यात पोर्तुगालचे कागद केलेले, म्हणजे तिथलं नागरिकत्व घेतलेले भरपूर, त्यांच्या फोनात पोर्तुगीज सापडते, त्यातही दोन, पोर्तुगालची निवडली तर आयफोनातल्या सेटिंग्जला म्हणतात देफिनिसोइंश आणि ब्राझीलची निवडली तर आजुस्तीश. दुकानात एक म्हातारे बाब यायचे, शाळेत पोर्तुगीज शिकलेले, ते नातवाच्या फोनातलं ब्राझीलचं पोर्तुगीज बघून वैतागायचे की ही कसली भाषा.

एवढ्या भाषा कोण शिकणार, मी पण नाही शिकलो. चिन्हं शिकलो. पंख्यासारखी वाकडी तीन-चार पट्ट्यांची खूण, विमान, गोल पृथ्वी, दातेरी चाक, ही कुठल्याही भाषेत तीच राहतात. आणि स्वतःचा फोन शेजारी ठेवून तीच मेनू उघडायची, वरून कितवी ओळ ते मोजायचं, आपोआप सापडतं. भाषेच्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत असतं, म्हणजे मराठी हे मराठी असंच लिहिलेलं, तेव्हा तिथपर्यंत पोचलात की सुटलात. पण एक गोष्ट कटाक्षाने पाळा, हात लावायच्या आधी सेटिंग्जचा आपल्या फोनवर फोटो काढून ठेवा. मी एका रशियन गिऱ्हाइकाचा फोन इंग्रजीत करून काम केलं आणि परत रशियन करताना रिजन कुठला होता तेच विसरलो, त्याची सगळी तारखांची मांडणी बदलली, तो दुसऱ्या दिवशी मोरजीहून स्कूटर घेऊन परत आला.

आता इतकं सगळं ‘नुसतं नाव बदलतं’ म्हणून सांगितलं, पण कधी कधी देशाप्रमाणे खरंच काहीतरी बदलतं आणि तेव्हा नावाकडे बघत बसलात तर परत फसाल. हरमलच्या एका गेस्टहाऊसमधून बोलावणं आलं, सगळ्यांना वायफाय दिसतंय, एका अमेरिकन पाहुण्याच्या लॅपटॉपला दिसतच नाही. हॉटस्पॉट लावला तर लगेच जोडला जातो, म्हणजे लॅपटॉप चांगला. राउटरमध्ये शिरून बघितलं तर तो आपोआप तेरा नंबरच्या चॅनलवर, म्हणजे वायफायच्या लहरींच्या तेराव्या कप्प्यात जाऊन बसलेला. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात आपल्याकडे एक ते तेरा चॅनल चालतात, अमेरिकेत सर्वसाधारणपणे अकरापर्यंतच, आणि तिकडच्या हिशेबाने सेट केलेलं लॅपटॉपमधलं वायफायचं कार्ड बारा-तेराकडे बघतही नाही. राउटर सहा नंबरवर ठेवला, काम झालं. कुठल्या देशाचे चॅनल वापरायचे हे ज्यावरून ठरतं त्याला कंट्री कोड म्हणतात, आणि तो तुमच्या भाषा-रिजनच्या मेनूतून ठरत नाही, फोन बहुतेक वेळा टॉवरच्या देश-क्रमांकावरून किंवा आजूबाजूचे राउटर जो देश सांगतात त्यावरून ठरवतो. भारताचे ते क्रमांक ४०४ आणि ४०५. म्हणून फोनात रिजन अमेरिका केला तर वायफायची रेंज वाढते वगैरे जे व्हिडिओ फिरतात त्यांच्या नादाला लागू नका, गिऱ्हाइकाच्या फोनावर तर अजिबात नको.

मराठीत फोन ठेवणारी माणसं कमी येतात, पण येतात, डिचोली-सत्तरीकडची जास्त. माझ्या आईचाच फोन मी हौसेने मराठी केला. दुसऱ्या दिवशी फोन लागेना, संध्याकाळी घरी गेलो तर विमान मोड चालू. म्हणाली, विमानाचं चित्र होतं, मला वाटलं मोपाच्या विमानतळावरच्या विमानांचं काहीतरी असेल. आणि घड्याळातले आकडे देवनागरी झाले म्हणून तिला आधी बरं वाटलं, मग ओटीपी टाकताना इंग्रजी आकडे शोधत बसली. तेव्हा मराठी करून देताना शब्द समजावून द्या, किमान डेटा, वायफाय आणि विमान या तीन बटणांचे, त्याला दोन मिनिटं लागतात.

पैशाचं विचाराल तर नुसत्या सेटिंगचे मी घेत नाही. सिनियर घ्यायचे, पन्नास रुपये, त्यांचं म्हणणं होतं की शोधायला डोकं लागतं त्याचे. बरोबरच आहे त्यांचं, पण पेडण्यात सगळे ओळखीचे, पन्नास मागितले तर गावभर होईल. तो तारवटी मात्र अजून येतो. बोटीवर जायच्या आधी फोन दाखवून जातो आणि परत आला की दर वेळी रिजन कुठल्यातरी तिसऱ्याच देशाचा असतो. आता मी सेटिंग्ज उघडायच्या आधी त्यालाच विचारतो, भावाने पासवर्ड परत बदलला का.