छोट्या नाट्यगृहात कार्यकर्ते टिकत नाहीत? या चुका टाळा

तिसरी घंटा झाली, पडदा सरकला, पहिलं वाक्य आलं आणि तेवढ्यात मागच्या दारातून आमचे दोन कार्यकर्ते उशिरा आलेल्या एका कुटुंबाला घेऊन आत शिरले. हातात मोबाइलचे टॉर्च, प्रकाश थेट बसलेल्या लोकांच्या डोळ्यांवर. प्रेक्षक ओरडले, रंगमंचावरची नटी दोन क्षण थांबली. मध्यंतरात मी त्या दोघांना चहाच्या टेबलापाशी सगळ्यांसमोर झापलं. त्यातला एक पुन्हा आलाच नाही.

त्यांना टॉर्च कसा धरायचा हे कुणी सांगितलं होतं, याचा विचार मी घरी गेल्यावर केला. कुणीच सांगितलं नव्हतं. गळ्यात ओळखपत्र अडकवून त्यांना दारात उभं केलं होतं, एवढंच.

आमचं नाट्यगृह १२० खुर्च्यांचं आहे. पगारी माणूस एकच, रखवालदार. बाकी सगळे शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले, कॉलेजची मुलं, गृहिणी. मराठी प्रायोगिक रंगभूमीचा बराचसा भार अशाच माणसांनी वाहिला आहे. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने १९७४ पासून नाटकं सुरू केली. तयार नाट्यगृह नसलेल्या जागेत रोज प्रयोग उभा करायचा म्हणजे हमाली आलीच, आणि ती कुणीतरी मनापासून केली. अरुण काकडे यांनी 'आविष्कार'ची पडद्यामागची व्यवस्था कित्येक दशकं सांभाळली. त्या पिढीचं प्रेम आपण आठवतो, पण नवीन मुलं आली की त्यांच्या हातात नेमकं काम देत नाही. माझ्या मते पहिली आणि सगळ्यांत मोठी चूक हीच.

"ये रे, काहीतरी काम निघेलच"

काम निघत नाही. मुलगा चार प्रयोग भिंतीला टेकून उभा राहतो, पाचव्या प्रयोगाला त्याची परीक्षा असते. यावरचा उपाय अगदी साधा आहे: प्रयोगाच्या दिवशीची कामं कागदावर वेगवेगळी लिहून काढा. तिकीट खिडकी, प्रेक्षागृहाची दारं, प्रेक्षकांना बसवणं, पाहुण्या संघाची सोय, रंगमंच, प्रकाश, ध्वनी, प्रयोगानंतरची आवराआवर. प्रत्येक कामासाठी अर्धं पान पुरतं: किती वाजता यायचं, कुणाला विचारायचं, काय काय तपासायचं, काम कधी संपलं म्हणायचं.

आमच्याकडे पाहुण्या संघाच्या सोयीचं काम कुणाचंच नसायचं. संघाचा टेम्पो दुपारी तीनला दारात, मेकअप रूमला कुलूप, चावी खजिनदारांच्या घरी, खजिनदार लग्नाला. आता त्या कामाच्या कागदावरची पहिली ओळ अशी आहे: 'सकाळी अकराच्या आत चावी आपल्या ताब्यात घेणे.' तेव्हापासून नेपथ्य वेळेत लागतं.

माणूस बघून काम ठरवणं

मुलींना रांगोळी आणि पाहुण्यांना गुलाबपुष्प, मुलांना शिडी आणि वायरी, ज्येष्ठांना माइक. ही वाटणी कुणी ठरवत नाही, आपोआप होते. म्हणूनच ती मोडायला कुणीतरी मुद्दाम ठरवावं लागतं. आज आमच्या लाइटच्या पाटावर, म्हणजे जिथून सगळे दिवे चालवतात तिथे, बसते ती मुलगी आधी दोन वर्षं स्वागताच्या टेबलावर होती. एकदा लाइटवाला आजारी पडला म्हणून तिला बसवलं. नाटकाची संहिता तिने आदल्या रात्री दोनदा वाचून ठेवली होती आणि दिवे बदलायचा एकही क्यू, म्हणजे ठरलेली खूण, चुकवला नाही. ती दोन वर्षं वाया घालवली याची मला आजही खंत वाटते.

नवीन माणसाला तुला काय येतं असं विचारू नका. काय शिकायचंय ते विचारा. पहिल्या प्रश्नावर लोक लाजून 'काहीच नाही' म्हणतात.

प्रशिक्षण म्हणजे भाषण

रविवारी सकाळी सगळ्यांना बोलवायचं, अध्यक्षांनी संस्थेचा इतिहास सांगायचा, मग पोहे. यातून कुणी काही शिकत नाही. प्रेक्षागृहाचं कामही नाटकासारखं तालमीनेच बसतं. आम्ही तीन प्रयोगांची पद्धत लावली आहे. पहिल्या प्रयोगाला नवीन कार्यकर्ता नुसता बघतो, जुन्याच्या सावलीसारखा फिरतो. दुसऱ्याला दोघं मिळून करतात. तिसऱ्याला नवा करतो, जुना मागे उभा राहतो आणि अगदी गरज पडल्याशिवाय तोंड उघडत नाही. जुन्यांना हा तिसरा टप्पा सगळ्यांत जड जातो.

शिवाय वर्षातून दोनदा रिकाम्या प्रेक्षागृहात तालीम. सगळे दिवे बंद करायचे. अर्धे जण प्रेक्षक होतात: एकाला गुडघेदुखी आहे, एकीच्या कडेवर रडणारं मूल आहे, एक जण आपल्या जागेवर दुसराच बसलाय म्हणून भांडायला आला आहे. उरलेल्यांनी सांभाळायचं. टॉर्च कमरेखाली, प्रकाश जमिनीवर, बोटांमधून झिरपेल एवढाच. उशिरा आलेल्यांना नाटकातला चालू प्रवेश बदलेपर्यंत दाराशी थांबवायचं आणि कडेच्या खुर्च्यांवर बसवायचं, मग त्यांचं तिकीट कितव्याही रांगेचं असो. भांडायला आलेल्याला आधी बाहेर न्यायचं, तिकीट नंतर बघायचं. एका तासात जे कळतं ते दहा सूचनापत्रकांनी कळत नाही.

वीज आणि शिडी 'बघून बघून येईल' असं मानणं

इथे मी कुणाचंही ऐकत नाही. बाकीच्या चुकांमुळे प्रयोग बिघडतो. विजेच्या आणि उंचीच्या चुकीने माणूस जातो.

हॅलोजनचा मोठा पार कॅन, म्हणजे रंगमंचावरचा डब्यासारखा दिवा, १००० वॅटचा असतो. २३० व्होल्टवर तो साधारण ४.३ अँपिअर वीज ओढतो. म्हणजे १६ अँपिअरच्या सॉकेटवर असे तीन दिवे लागतील, चौथा लावला की भार १७ च्या वर जाईल. भिंतीवरच्या ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर एकच. हा हिशेब दहावी पास झालेला कुणीही करू शकतो: वॅटला व्होल्टने भागायचं. तो प्रत्येक लाइटवाल्याकडून कागदावर करून घ्या. एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच, पडली तर ती तशीच पुन्हा वर ढकलायची नाही. ती का पडली ते आधी शोधायचं. एक्स्टेंशनची वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून जड भार दिला तर ती आतल्या आत तापते, म्हणून पूर्ण उलगडून घ्यायची. हल्लीचे एलईडी पार प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या डिमरवर लावायचे नाहीत, त्यांना सरळ पुरवठा द्यायचा. हॅलोजनचा दिवा उघड्या हाताने बसवायचा नाही, बोटांचं तेल काचेला लागलं की तो लवकर फुटतो. टांगलेल्या प्रत्येक दिव्याला क्लॅम्पशिवाय वेगळी सेफ्टी चेन हवीच.

शिडीवर एक जण, शिडी धरून एक जण. वर काम चालू असताना खाली रंगमंचावर तालीम नाही, मग दिग्दर्शक कितीही घाईत असो. पाहुण्या संघाचे लोक म्हणतील, "आम्ही रोज असंच करतो हो." आपल्या नाट्यगृहात आपला नियम. अशा वेळी 'नाही' म्हणण्याचा अधिकार रंगमंचावरच्या कार्यकर्त्याला आहे आणि समिती त्याच्या मागे उभी राहील, हे त्याला आधीच सांगून ठेवा. एकोणीस वर्षांच्या मुलाला नावाजलेल्या दिग्दर्शकासमोर एकट्याने 'नाही' म्हणता येत नाही.

हाऊसफुल झालं की वाटेत खुर्च्या

हा मोह मला पुरेपूर ठाऊक आहे. सगळ्या प्रयोगांना तीस-चाळीस माणसं असतात आणि एखाद्या दिवशी दीडशे येतात. परत पाठवायचं जिवावर येतं, आणि कुणीतरी प्लास्टिकच्या खुर्च्या मधल्या वाटेत टाकतो.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ माणसं गेली. तिथे जादा खुर्च्या बसवताना बाल्कनीतली बाहेर पडायची एक वाट बंद झाली होती. कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री पेटलं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री आत प्रयोग नव्हता. ते फोटो बघून आमच्या समितीतले सत्तरीचे सदस्य रडले होते. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही आमची दारं तपासली. मागच्या दाराला आतून कडी, बाहेरून कुलूप. कारण काय, तर फुकटे शिरतात.

फुकट शिरणाऱ्यांसाठी दारात माणूस ठेवा, कुलूप नको. प्रयोग चालू असताना प्रत्येक दार आतून ढकलून उघडलं पाहिजे, आणि ते तपासणं दारावरच्या कार्यकर्त्याचं पहिल्या घंटेआधीचं काम आहे. अग्निशामक नळकांडं भिंतीवर असून भागत नाही. पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या वर न धरता बुडाशी धरायची, हे प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने केलेलं हवं. विजेच्या आगीवर पाणी टाकायचं नाही. मेन स्विच कुठे आहे ते सगळ्यांना अंधारातही सापडलं पाहिजे. अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, आणि काहीच आठवलं नाही तर ११२. हे आकडे आम्ही तिकीट खिडकीच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लावले आहेत, सोबत नाट्यगृहाचा पूर्ण पत्ता. घाबरलेल्या माणसाला रोजचा पत्ताही सांगता येत नाही.

पैसे 'विश्वासावर'

विश्वास हवाच, पण नोंद त्याहून आधी हवी. खिडकीवर कार्यकर्त्याच्या स्वतःच्या मोबाइलचा क्यूआर कोड ठेवू नका. कोड संस्थेच्याच खात्याचा असावा. रोख रक्कम दोघांनी मोजायची, दोघांनी सही करायची, त्याच रात्री. आमच्याकडे एकदा अडीचशे रुपये कमी भरले आणि एका प्रामाणिक बाईंकडे महिनाभर लोक वेगळ्या नजरेने बघत होते. हिशेब नंतर जुळला. त्या मात्र परत खिडकीवर बसल्या नाहीत.

मुलं, मुली आणि न बोललेल्या गोष्टी

सुट्टीतल्या बालनाट्य शिबिरात एका मुलासोबत एकच मोठा माणूस, तोही बंद खोलीत, असं कधीही होऊ देऊ नका. कायम दोन मोठी माणसं हवीत. कपडे बदलायच्या खोलीत मोबाइल बंद. मुलाच्या बाबतीत लैंगिक अत्याचार घडल्याचं कळलं तर मुलांच्या संरक्षणासाठीच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'संस्थेचं नाव खराब होईल' हे कारण तिथे चालत नाही.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पगार न घेता काम करणाऱ्यांनाही लागू आहे, हे बऱ्याच समित्यांना माहीत नसतं. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती नेमावी लागते. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. नवीन मुलीला हे पहिल्याच दिवशी सांगा, नेहमीच्या आवाजात, चहा घेताना. आणि प्रयोग अकराला संपणार असेल तर ती घरी कशी जाणार हे सातलाच ठरवा.

'तो आहे ना, सगळं बघतो'

प्रत्येक संस्थेत एक काका असतात. फ्यूज कुठला, कुठल्या विंगेतली फळी सैल आहे, कुठल्या संघाला किती चहा लागतो, सगळं त्यांच्या डोक्यात. आमच्या काकांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा दोन महिने आम्ही त्यांना दवाखान्यात फोन करून स्विच विचारत होतो. त्यांना ते आवडायचं. संस्थेसाठी मात्र ते धोक्याचं होतं. बरे झाल्यावर त्यांना आम्ही एकच काम दिलं: एका मुलीसोबत नाट्यगृहभर फिरायचं आणि बोलायचं. ती लिहीत गेली. दोनशे पानी वही निम्मी भरली. आता ती लाइटच्या पाटाखालच्या खणात असते.

काकांना दर प्रयोगाला बोलावणं थांबवू नका. शिकवण्यासाठी बोलवा.

नाटक न दाखवणं

वर्षभर दारात उभं राहणाऱ्या मुलाने एकही नाटक अखंड पाहिलेलं नसतं. तो नाटकाच्या ओढीने आला होता आणि आपण त्याला पार्किंग दिलं. आम्ही पाळी लावली: प्रत्येकाला महिन्यातून एक प्रयोग, खुर्चीत बसून, पूर्ण, ओळखपत्र काढून ठेवून. पाहुण्या संघाच्या दिग्दर्शकाला आम्ही विनंती करतो की प्रयोगानंतर पंधरा मिनिटं कार्यकर्त्यांशी बोला. फार थोडे नाही म्हणतात.

आणि चुकीबद्दल बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, एकट्याला बाजूला घेऊन. कामाच्या रात्री कुलूप लावण्याआधी दहा मिनिटं सगळे रंगमंचावरच बसतात. काय अडलं ते एकेक जण सांगतो, वहीत लिहिलं जातं, पुढे कुणी आणि कधीपर्यंत करायचं तेही. गेल्या शनिवारच्या नोंदी अशा: 'सी रांगेतली सात नंबरची खुर्ची कुरकुरते. उजव्या विंगेत अंधारात दिसेल अशी पांढरी टेप लावणे. टॉर्चचे सेल संपले, सहा आणणे.' सेल आणायचं काम ज्याने स्वतःहून घेतलं, तो टॉर्चच्या त्या प्रसंगातला दुसरा मुलगा. हल्ली नवीन मुलांना दार तोच शिकवतो.