रोझेशियाच्या औषधांचं संशोधन वाचताय? या चुका टाळा

आमच्या वहिनींना रोझेशिया आहे, म्हणजे चेहऱ्यावर लाली आणि पुळ्या येणारा त्वचेचा जुनाट आजार. मे महिन्यात इंदूरच्या राजवाड्यावरून भाजी घेऊन आल्या की गाल जास्वंदीसारखे लाल. मी एका शोधनिबंधाचा सारांश वाचला आणि मोठ्या उत्साहानं सांगितलं, "आयव्हरमेक्टिन क्रीमनं 83 टक्के फरक पडतो!" डॉक्टरांनीही तेच क्रीम दिलं. चार महिन्यांत पुळ्या गेल्या, लाली तशीच. "भावजी, 83 टक्के कशात?" वहिनींनी विचारलं. हे मी पाहिलंच नव्हतं.

चूक नेमकी तिथेच होते. तो आकडा पुळ्यांचा होता. लाली वेगळी मोजतात आणि तिची औषधंही वेगळी. 2013 साली अमेरिकेत मंजूर झालेलं ब्रिमोनिडिन जेल रक्तवाहिन्या आकसवून लाली कमी करतं, पण काही तासांपुरतीच. शिवाय काहींना असर उतरल्यावर आधीपेक्षा जास्त लाली येते.

दुसरी चूक मोठी: तुलना कोणाशी, हे न बघणं. 2015 च्या त्या चाचणीत 962 रुग्ण होते. 16 आठवड्यांनी आयव्हरमेक्टिनवाल्यांच्या पुळ्या 83 टक्के कमी झाल्या. मेट्रोनिडॅझोल या जुन्या, ओळखीच्या क्रीमवाल्यांच्याही 73.7 टक्के! म्हणजे फरक नऊ-साडेनऊचा. त्याआधीच्या दोन चाचण्यांत औषध नसलेलं नुसतं क्रीम समोर ठेवलं होतं. 12 आठवड्यांत चेहरा साफ किंवा जवळजवळ साफ झालेले औषधाच्या गटात 38.4 आणि 40.1 टक्के, नुसत्या क्रीमवर 11.6 आणि 18.8 टक्के. औषध खरंच काम करतं, पण औषधाविना बरे वाटणारेही कमी नाहीत. हा आजार चढतो-उतरतो, आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो चढावर असताना. पुढे थोडा उतार पडणारच. म्हणून ‘आधी-नंतर’च्या फोटोंवर माझा काडीचा विश्वास नाही.

मुदतही बघा. आजार वर्षानुवर्षांचा, चाचणी तीन-चार महिन्यांची. 2015 च्या चाचणीत बऱ्या झालेल्यांचं औषध थांबवून 36 आठवडे लक्ष ठेवलं, तेव्हा दोन्ही गटांत साठ टक्क्यांहून जास्त जणांना आजार उलटला. सारांश वाचून थांबलो असतो तर हे कळलं नसतं.

बहुतेक चाचण्या गोऱ्या कातडीवरच्या. सावळ्या चेहऱ्यावर लाली दिसतच नाही पटकन. जळजळ, टोचणं हीही खूण. आणि मेडिकलवरून आपल्या मनानं आणलेलं स्टेरॉइडमिश्रित क्रीम आधी महिनोन्‌महिने लावलं असेल, तर त्यानंही अशीच लाली येते. अशा रुग्णांना चाचण्यांत सहसा घेत नाहीत, त्यामुळे ते आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू नाहीत. डॉक्टरांना ते क्रीम दाखवा, लाजू नका.

खाण्याचं काय? तिखट, गरम टाळा अशा याद्या बहुतांशी रुग्णांना विचारून केलेल्या. 2018 साली अमेरिकेतल्या 82,737 परिचारिकांच्या माहितीवरून दिसलं की जास्त कॉफी पिणाऱ्यांत रोझेशिया कमी. पण ते नुसतं निरीक्षण. कॉफीनं आजार टळला असं त्यातून म्हणता येत नाही. चेहरा भडकू लागल्यावर काहींनी आपणहून कॉफी कमी केली असेल, हीही शंका उरतेच. वहिनींनी मात्र तेवढंच ऐकून कॉफीचा डबा खाली काढला. सराफा बाजारातल्या जीरावण मसाला मारलेल्या गराडूचं (तळलेल्या कंदाचं) त्या स्वतःच वहीत लिहून ठेवतात: खाल्ला तो दिवस, आणि गाल तापले की नाही.