दूध-अंड्याशिवाय यीस्टचं पीठ: सोलापूरच्या उन्हाळ्यात कसं जमवायचं

यीस्टला दूध लागत नाही आणि अंडंही लागत नाही. मैदा भिजला की त्यातलेच एन्झाइम स्टार्चची साखर करू लागतात आणि यीस्टचं त्यावर भागतं. दुधाने पावाला रंग आणि मऊपणा येतो, पण त्याची सोय दुसरीकडून करता येते. सोलापुरात खरं सांभाळायचं असतं ते उकाड्याला. एप्रिल-मेमध्ये पाककृतीत लिहिलेल्या वेळेवर विसंबलात, तर पीठ तुमच्या आधी पुढे निघून जातं.

बारा पावांसाठी प्रमाण असं: मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३२० मिली, साखर २० ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम (सपाट दीड चहाचा चमचा), शेंगदाण्याचं किंवा कुठलंही तेल दोन मोठे चमचे, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम. कडक उन्हाळ्यात यीस्ट २ ग्रॅमच घ्या. मैदा वाटीने मोजू नका. वाटी दाबून भरली की सैल भरली यावर बराच फरक पडतो, आणि मग पीठ चिकट झालं की लोक वरून मैदा घालत बसतात.

मऊपणासाठी आधी खळ करायची. वरच्याच मापातला २५ ग्रॅम मैदा आणि १२५ मिली पाणी गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत ठेवा. कालथ्याने तळावर रेघ ओढली आणि ती क्षणभर टिकली की उतरवा आणि पूर्ण गार होऊ द्या. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो, म्हणून पाव दुसऱ्या दिवशीही कोरडा पडत नाही. दूध नसल्याची उणीव यानेच भरून निघते, ही पायरी गाळू नका.

उरलेलं पाणी किती गार असावं याचा हिशेब सोपा आहे. मळून झालेलं पीठ २६ अंशांच्या आसपास हवं. २६ च्या तिपटीतून, म्हणजे ७८ मधून, खोलीचं आणि कोरड्या मैद्याचं तापमान वजा करा. मेमध्ये स्वयंपाकघर ३६ आणि डब्यातला मैदा ३५ असेल, तर उरतात ७, म्हणजे फ्रीजचं पाणी. पावसाळ्यात माठातलं चालतं. डिसेंबरच्या सकाळी मात्र ३४ अंशांचं, बोटाला जेमतेम कोमट लागेल असं पाणी घ्या. पाणी चटका देणारं असेल तर यीस्ट मरतं. ५५-६० अंशांना त्याचा निकाल लागतो. इन्स्टंट यीस्ट थेट मैद्यात मिसळा. जाड दाण्याचं ॲक्टिव्ह ड्राय असेल तर ३८ अंशांच्या थोड्या पाण्यात चिमूटभर साखर घालून दहा मिनिटं ठेवा. फेस आला नाही तर ते यीस्ट टाकून द्या. त्यावर मैदा वाया घालवू नका.

मैदा, यीस्ट, साखर, मीठ, खळ, पाणी असं सगळं परातीत एकत्र करून पंधरा मिनिटं झाकून ठेवा. मग दहा-बारा मिनिटं मळा, तेल शेवटी. पहिली पाच मिनिटं पीठ हाताला चिकटेल, तरी कोरडा मैदा भुरभुरू नका. पाव घट्ट होण्याचं नेहमीचं कारण तेच. सुपारीएवढा गोळा बोटांनी ताणला आणि न फाटता पातळ पडदा झाला की मळणं पुरे.

आता घड्याळाकडे नाही, पिठाकडे बघा. झाकलेलं पीठ आकाराने दुप्पट व्हायला हवं. २८ अंशांना साधारण तास-सव्वा तास, उन्हाळ्यात त्याहून बरंच लवकर. पिठात बोट खुपसा. खळगा सावकाश थोडासा भरून आला तर झालं. लगेच भरला तर अजून थांबा. वरचा भाग खचला आणि दारूसारखा आंबूस वास सुटला तर पीठ जास्त फुगलंय. ते फार आंबलं नसेल तर दाबून हवा काढा, लगेच पाव वळा आणि दुसऱ्या फुगण्याचा वेळ निम्म्यावर आणा. फार आंबलं असेल तर पातळ लाटून पिझ्झ्याचा बेस करा.

साधारण ७० ग्रॅमचे गोळे ९ इंची चौकोनी टिनमध्ये जवळजवळ ठेवा. ते पुन्हा दीडपट फुगले की आधी तापवलेल्या ओटीजीत १९० अंशांवर २२ ते २५ मिनिटं भाजा. दुधातली लॅक्टोज साखर यीस्टला खाता येत नाही, ती उरते आणि कवच तांबूस करते. इथे ती नाही, म्हणून रंग फिका राहतो. २० ग्रॅम साखर त्यासाठीच आहे. शेवटची तीन मिनिटं वरची कॉइलही चालू ठेवा. बाहेर काढल्या काढल्या तेलाचा हात फिरवा.

निम्मी गव्हाची कणीक घ्यायची असेल तर पाणी ३०-४० मिली वाढवा आणि पाव थोडा बसका होईल हे धरून चला. कोंडा ग्लुटेनची, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाची, जाळी तोडतो. ज्वारीत तर ग्लुटेन नाहीच. मंगळवेढ्याची मालदांडी चवीला कितीही गोड असली, तरी मैद्याऐवजी ७५ ग्रॅमच्या वर घालू नका.

याच पिठाची पोळी लाटून, तेल लावून, शेंगाची चटणी पसरून गुंडाळी करा आणि दोन बोटं रुंद तुकडे कापून भाजा. चटणीत मीठ असतं, तेव्हा पिठातलं मीठ ७ ग्रॅमवर आणा.