देशाने देशांच्या संघात जायला ‘हो’ म्हटलं की खरंच लोकांनी म्हटलं? सार्वमताचा निकाल कसा तपासायचा

२० ऑक्टोबर २०२४ ला मोल्डोव्हात मतदान झालं, युरोपियन युनियनमध्ये जायचं हे ध्येय देशाच्या घटनेत लिहायचं का एवढाच प्रश्न होता, आणि ‘हो’ला पडली ५०.३५ टक्के मतं. लगेच अर्धे लोक म्हणाले जनतेने कौल दिला, बाकीचे म्हणाले ही कसली संमती. अशा वेळी नुसता टक्का बघून भांडू नका, त्याने काहीच कळत नाही. सार्वभौमत्वाचा एक तुकडा दुसऱ्याच्या हातात द्यायला लोक खरंच तयार होते का हे तपासायचं असेल तर थोडं खोलात जावं लागतं. मी कसं बघतो ते सांगतो.

सगळ्यात आधी मतपत्रिकेवरचा प्रश्न शब्दशः वाचा. बातमीतला नाही, मतपत्रिकेवरचा. ब्रिटनमध्ये २०१६ च्या सार्वमतासाठी सरकारचा मूळ प्रश्न होता की युनायटेड किंग्डमने युरोपियन युनियनचं सदस्य राहावं का, हो की नाही. तिथल्या निवडणूक आयोगाचं म्हणणं पडलं की असं विचारलं तर ‘राहा’कडे झुकतं माप जातं, म्हणून ‘राहावं’ आणि ‘बाहेर पडावं’ असे दोन सरळ पर्याय छापले गेले. चार शब्दांचा फरक, पण तो झाला हे महत्त्वाचं. याच्या उलट सिक्कीम. एप्रिल १९७५ मध्ये तिथे लोकांना एकाच दमात दोन गोष्टी विचारल्या, चोग्यालची म्हणजे तिथल्या राजाची गादी रद्द आणि सिक्कीम भारताचा घटक. ज्याला राजा नको होता पण वेगळं राहायचं होतं त्याने शिक्का कुठे मारायचा? बाजूने ५९,६३७ आणि विरोधात १,४९६ असा निकाल आला, पण जोडप्रश्नाचा निकाल वाचताना मी नेहमी हात आखडता घेतो, मग तो आपल्या बाजूचा असला तरी.

आणि जो पर्याय छापलेलाच नाही तोही शोधा. आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. १६ जानेवारी १९६७ च्या ओपिनियन पोलमध्ये (नाव असलं तरी ते सार्वमतच होतं) फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे केंद्रशासित. वेगळं राज्य हा तिसरा पर्याय नव्हताच, ते मिळायला ३० मे १९८७ उजाडला.

गोव्याचं निघालंच आहे तर थोडं थांबू, कारण मराठी माणसाला संमती म्हणजे काय हे यातून जितकं कळेल तितकं युरोपियन युनियनच्या ब्रुसेल्समधून कळणार नाही. १९६३ ला मगो म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाच्या मुद्द्यावर निवडणूक जिंकला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, आणि बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की झालं की, लोकांनी कौल दिला, आता वेगळं काय विचारायचं. तरी वेगळं विचारलं. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून बांदोडकरांच्या सरकारने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. निकाल आला १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०, विलीनीकरण फेटाळलं. आणि पुढच्या काही आठवड्यांतच विधानसभेची निवडणूक झाली त्यात परत मगोच निवडून आला! म्हणजे त्याच लोकांना बांदोडकर मुख्यमंत्री म्हणून हवे होते आणि विलीनीकरण नको होतं. तेव्हा कुठलाही पक्ष ‘आमच्या जाहीरनाम्यात होतं, आम्ही जिंकलो, म्हणून देश संघात जाणार’ असं म्हणाला तर त्याला गोवा दाखवा. महाराष्ट्रात अनेकांना तो निकाल जिव्हारी लागला होता, पण विचारण्याची पद्धत योग्य होती आणि उत्तर मानलं गेलं, हे मान्य करायलाच हवं.

मतदार कोण हेही बघा. गोव्याबाहेर कामाला असलेल्या गोवेकरांना मत द्या अशी विलीनीकरणविरोधी नेते जॅक सिक्वेरा यांची मागणी होती, ती फेटाळली गेली. मोल्डोव्हात नेमकं उलटं, देशातल्या मतांत ‘नाही’ पुढे होतं आणि परदेशात राहणाऱ्यांच्या मतांनी पारडं फिरलं. माझं मत विचाराल तर नागरिक म्हणजे नागरिक, त्याला मत हवंच, पण देशातला आणि बाहेरचा आकडा वेगवेगळा मांडून बघा म्हणजे पुढे सरकारला कुणाची समजूत काढायची आहे ते कळतं.

आता हिशोब. मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा, मतदानाची टक्केवारी गुणिले ‘हो’ची टक्केवारी भागिले शंभर. युनियनमध्ये जायचं का यावर क्रोएशियात जानेवारी २०१२ ला ६६.३ टक्के ‘हो’ आले, ऐकायला दणदणीत, पण मतदान होतं ४३.५ टक्के, म्हणजे एकूण मतदारांपैकी साधारण २९ टक्केच उठून ‘हो’ म्हणाले. त्यात तिथल्या घटनेतली किमान मतदानाची अट २०१० मध्येच काढून टाकलेली होती, ती असती तर हे सार्वमत बारगळलं असतं. हंगेरी २००३, ८३.८ टक्के ‘हो’ पण मतदान ४५.६, हिशोब केला तर ३८. आणि त्याच वर्षी माल्टात ‘हो’ फक्त ५३.६ पण मतदान ९१ टक्के, म्हणजे ४९ च्या आसपास. बघा, हेडलाईनमध्ये माल्टा काठावर पास वाटतो आणि प्रत्यक्षात तिथलीच संमती जास्त भक्कम. घरी बसलेला माणूस ‘नाही’ म्हणाला असं मी धरत नाही, पण तो ‘हो’ म्हणाला असं तर कुणीच धरू नये.

पुढचं, हे मतदान सरकारवर बंधनकारक होतं का, आणि विचारणं सक्तीचं होतं की मर्जीचा मामला. डेन्मार्कच्या घटनेचं कलम २० सांगतं की देशाचे अधिकार बाहेरच्या संस्थेला द्यायचे तर संसदेत सहापैकी पाच भाग बहुमत पाहिजे, नाहीतर लोकांकडे जा. आयर्लंडमध्ये रेमंड क्रॉटी नावाचा एकटा माणूस कोर्टात गेला आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की युरोपच्या देशांमधला नवा करार असलेल्या सिंगल युरोपियन अॅक्टसाठी घटनादुरुस्ती लागेल, म्हणजे सार्वमत लागेल. तेव्हापासून तिथे युरोपचे मोठे करार लोकांपुढे जातात. सरकारी पैसा एकाच बाजूच्या प्रचाराला वापरायचा नाही हेही तिथल्या कोर्टाने १९९५ ला ठरवून टाकलं. ब्रिटन मात्र १ जानेवारी १९७३ ला न विचारताच युरोपियन समुदायात (युनियनचं आधीचं रूप) गेलं, १९७५ ला विचारलं तेव्हा प्रश्न होता राहायचं का, ६७.२ टक्के हो म्हणाले. आत जाताना विचारलंच नव्हतं ही तक्रार पुढे चाळीस वर्षं कुणी ना कुणी उगाळत राहिलं, आणि ती खोटी नव्हती.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लोकांनी ‘नाही’ म्हटल्यावर काय झालं? माझ्या मते संमतीची खरी परीक्षा इथे होते. ‘हो’ सगळ्यांनाच ऐकू येतं.

डेन्मार्कने जून १९९२ ला युरोपियन युनियन उभी करणारा मास्ट्रिक्ट करार ५०.७ टक्क्यांनी नाकारला. वर्षाच्या आत परत विचारलं हे खरं, पण मध्ये एडिंबराला युरोपच्या नेत्यांच्या बैठकीत बसून चार गोष्टींतून सूट घेतली, सामायिक चलन, संरक्षण, न्याय आणि गृह खातं, आणि युनियनचं नागरिकत्व. मग मे १९९३ ला ५६.७ टक्के हो. ती सूट कागदी नव्हती. २००० साली सरकारने युरो घेऊ का विचारलं, लोक म्हणाले नाही, आजही तिथे क्रोनच चालतो. संरक्षणाची सूट सोडायची तेव्हाही २०२२ मध्ये परत लोकांनाच विचारलं. आयर्लंडनेही जून २००८ ला युनियनचा कारभार नव्याने बसवणारा लिस्बन करार ५३.४ टक्क्यांनी नाकारला, मग कर, तटस्थता, गर्भपात याबाबत हमी मिळवली, युनियनच्या कार्यकारी मंडळात प्रत्येक देशाचा एक सदस्य म्हणजे कमिशनर टिकवून घेतला आणि ऑक्टोबर २००९ ला ६७.१ टक्क्यांनी मंजूर केला, मतदानही आधीपेक्षा वाढलं. ‘हो म्हणेपर्यंत विचारत राहतात’ असं लोक चिडून म्हणतात, मला तो राग कळतो, पण मध्ये ठोस काही बदललं असेल आणि नीट विचारलं असेल तर दुसरं मतदान मी फसवणूक धरत नाही.

फसवणुकीच्या फार जवळ जाणारी गोष्ट फ्रान्समध्ये झाली. २९ मे २००५ ला जवळपास ५५ टक्के लोकांनी युरोपची राज्यघटना नाकारली, तीन दिवसांनी नेदरलँड्समध्ये ६१.५ टक्क्यांनी. मग त्यातला बराचसा मजकूर लिस्बन करारात आला आणि २००८ ला फ्रान्सने तो संसदेतून पास केला, लोकांना विचारलंच नाही. कायद्याने चुकीचं काही नाही, पण ज्यांनी ‘नाही’ लिहिलं होतं त्यांचं काय? हे मला आजही पटत नाही.

मग नेमकं दिलं काय ते बघा. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटला सही करताना आपण जसं कार्पेट एरिया, भाडं, कॉर्पस सगळं वाचतो तसं इथेही वाचायचं. ‘सार्वभौमत्व गेलं’ हे भाषण झालं, यादी मागा. युरोपियन युनियनमध्ये सीमाशुल्क, बाहेरच्या देशांशी व्यापार करार, युरो घेतलेल्यांचं चलनधोरण, समुद्रातल्या माशांचं संवर्धन हे पूर्ण युनियनकडे. शाळा, दवाखाने मुख्यतः देशाकडेच, आणि करांच्या बाबतीत प्रत्येक देशाला नकार देता येतो. यादीतली एखादी ओळ कुणाच्या तरी पोटावर येते ती हुडका. नॉर्वेने १९७२ आणि १९९४ ला दोन्ही वेळा आत जायला नाही म्हटलं, ९४ ला ५२.२ टक्के, पण उत्तरेच्या मासेमारीच्या पट्ट्यात, फिनमार्क, ट्रोम्स, नूरलान मध्ये सत्तरच्या वर, आणि ऑस्लोने मात्र हो म्हटलं होतं. राष्ट्रीय टक्क्यात हे दिसत नाही, जिल्हावार आकडे उघडा. शिवाय बाहेर राहिल्याने सगळं आपल्याच हातात राहतं असंही नाही, नॉर्वे युरोपियन इकॉनॉमिक एरियात आहे, म्हणजे युनियनच्या बाजारपेठेचे ढीगभर नियम पाळतो आणि ते ठरवताना त्याला मत नाही.

शेवटी बाहेर पडायची वाट. ती नसेल तर आजची संमती नातवंडांनाही बांधते, म्हणून हे आत जायच्या आधीच विचारायचं. ग्रीनलंड १९८२ ला मतदान करून १९८५ ला युरोपियन समुदायातून बाहेर पडलं, तेव्हा करारात तसं कलमही नव्हतं. लिस्बन कराराने बाहेर पडण्याचं कलम ५० आणलं, नोटीस दिली की वाटाघाटीला दोन वर्षं, वाढवायची तर सगळ्यांची सहमती. ब्रिटनने मार्च २०१७ ला नोटीस दिली आणि ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडलं, म्हणजे दोन वर्षांत भागलं नाहीच. आणि तिथेही एक जास्तीचा आकडा बघा, देशभरात ५१.९ टक्के ‘बाहेर’, पण स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के ‘राहा’ म्हणाले होते आणि उत्तर आयर्लंडमध्ये ५५.८. युनायटेड किंग्डम स्वतःच एक संघ आहे, त्यामुळे मोठ्या संघातून निघताना छोट्या संघातल्या भागांना वेगळी संमती विचारायची की नाही, हे कलम ५० मध्ये कुठेच लिहिलेलं नाही, ते ज्या त्या देशाने आधी आपल्या घटनेत लिहून ठेवायला लागतं.