पाठीवर नेता येईल असं कॉम्प्युटरचं कॅबिनेट कसं निवडायचं

मी इंटिरिअरचे थ्रीडी व्ह्यू आणि वॉकथ्रू बनवते. राहते इंदुरात, राजेंद्र नगरला. बरंचसं काम पुण्याच्या आर्किटेक्टांचं. मोठं काम आलं की तिकडे बहिणीकडे मुक्काम टाकायचा आणि कॉम्प्युटरही सोबत न्यायचा, हे आता ठरूनच गेलंय. लॅपटॉप का नाही, असं गाडीत शेजारी बसलेले लोकही विचारतात. माझा रेंडर, म्हणजे मॉडेलवरून चित्र तयार व्हायचं काम, रात्ररात्र चालतो. लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स कार्डाला त्याच नावाच्या डेस्कटॉप कार्डापेक्षा बहुतेक वेळा कमी वॉट मिळतात, तापल्यावर ते आणखी मंदावतं, आणि काही बिघडलं तर अख्खं मशीन सर्व्हिस सेंटरला जाऊन बसतं. डेस्कटॉपची रॅम गेली तर रॅम बदलायची, संध्याकाळी काम पुन्हा सुरू. दोन्ही गावांत मॉनिटर आणि कीबोर्ड असले की न्यायचं ते फक्त कॅबिनेट. ज्यांचं काम इतकं जड नाही त्यांनी खुशाल लॅपटॉप घ्यावा. बाकीच्यांसाठी हे लिहितेय.

सुरुवात बॅगेपासून करा. कॅबिनेट आवडलं, घेतलं आणि मग त्याला बसेल अशी बॅग शोधत फिरलं, की हमखास एकतर बॅग अवाढव्य होते नाहीतर फोमला जागा उरत नाही. छोट्या कॅबिनेटची तुलना सगळे लिटरमध्ये करतात: लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार. प्रवासाला त्या आकड्याचा फारसा उपयोग नाही. एक तर बऱ्याच कंपन्या पाय आणि बाहेर आलेले भाग सोडून लिटर मोजतात. कूलर मास्टरच्या एनआर२०० चे १८.२५ लिटर म्हणजे ३६० × १८५ × २७४ मिलिमीटर. पाय वगैरे धरले की तेच ३७६ × १८५ × २९२ होतं. दुसरं म्हणजे बॅगेत शिरताना गाडं अडतं ते जाडीवर. सारख्याच लिटरची दोन कॅबिनेटं घेतली, एक चौकोनी ठोकळा आणि दुसरं उभट-चपटं, तर पाठीवर चपटंच नेता येतं. ठोकळा मागे ओढतो आणि तासाभरात खांदे भरून येतात.

विमानाने जाणार असाल तर इंडिगोच्या केबिन बॅगेची मर्यादा आहे ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर आणि ७ किलो. यातला २५ हा आकडा कागदावर वेगळा लिहून ठेवा. दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर फोम आणि बॅगेचं जाड कापड धरलं की आत उरतात जेमतेम २० सेंटिमीटर. म्हणजे १५-१६ सेंटिमीटर जाडीचं कॅबिनेट आरामात बसतं. साडेअठरा सेंटिमीटर जाडीचं एनआर२०० मापात कसंबसं बसेल, पण ते स्टीलचं आहे. सगळं भरल्यावर ७ किलोत ठेवणं अवघड. स्टीलची घनता ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट असते. ॲल्युमिनियमचा पत्रा जाड वापरतात म्हणून प्रत्यक्षात तिपटीचा फरक पडत नाही, पण हातात घेतल्यावर कळण्याइतका नक्की पडतो. चेक-इनमध्ये ग्राफिक्स कार्डासकट कॅबिनेट टाकायचा विचारही करू नका.

रेल्वेत वजनावरून कोणी अडवत नाही. तिथे प्रश्न एवढाच, की बॅग खालच्या बर्थखाली सरकते का. नाहीतर रात्रभर पाय दुमडून झोपायचं. ट्रॅव्हल्सच्या बसने जात असाल तर बॅग डिक्कीत देऊ नका, कंडक्टर कितीही आग्रह करो. सेंधव्याच्या घाटातून धुळ्याकडे उतरताना डिक्कीतलं सामान कसं आपटतं ते एकदा कान देऊन ऐका.

आता जे करायला सांगतेय ते कंटाळा न करता करा. मनात असलेल्या कॅबिनेटची पायांसकट मापं घ्या आणि त्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका बनवा. आत साखरेच्या, डाळीच्या एक-एक किलोच्या पिशव्या भरून पाच-सहा किलो वजन करा, भोवती फोम गुंडाळा, खोका बॅगेत घाला आणि बॅग पाठीवर घेऊन दोन जिने चढा-उतरा. इंदूर स्टेशनचा पूल माझ्या डोळ्यांसमोर असतो, तुमचं स्टेशन तुम्हाला ठाऊक. चेन लागते का, पट्टे खांद्यात रुततात का, दुचाकीवर मागे बसून तोल जातो का, हे सगळं पैसे जायच्या आधी कळतं.

खोका पसंत पडला की आतल्या रचनेकडे वळा. या आकारात मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी, मिनी-आयटीएक्स मापाचाच घ्यावा लागतो: १७० × १७० मिलिमीटर, रॅमचे बहुधा दोनच स्लॉट, कार्डाचा एकच. मायक्रो-एटीएक्स बोर्ड स्वस्त पडतो, पण तो २४४ × २४४ चा असतो आणि मग पाठीवर न्यायचा विषयच संपतो.

रचना मुख्यतः दोन. पहिलीत कार्ड थेट मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसतं, आपल्या नेहमीच्या टॉवरसारखं. एनआर२०० असं आहे. दुसरीला सँडविच म्हणतात: मधे एक पत्रा, एका अंगाला मदरबोर्ड, दुसऱ्या अंगाला कार्ड, आणि दोघांना जोडणारी रायझर केबल. डॅन ए४, फॉर्मडी टी१, फ्रॅक्टल टेरा, लिआन ली ए४-एच२ओ ही सगळी या घराण्यातली. प्रवासाला मी सँडविचच निवडीन. चपटेपणा हे एक कारण. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं: थेट स्लॉटमधल्या जड कार्डाचा प्रत्येक हादरा स्लॉटवर आणि बोर्डावर जातो. सँडविचमध्ये कार्ड कॅबिनेटच्याच सांगाड्याला स्क्रूने आवळलेलं असतं आणि केबल लवचीक असते, त्यामुळे धक्का पत्रा सोसतो.

रायझरच्या बाबतीत एक गोष्ट तपासा. बोर्ड आणि कार्ड यांना जोडणाऱ्या पद्धतीला पीसीआयई म्हणतात, तिच्या पिढ्या असतात. बोर्ड आणि कार्ड पीसीआयई ४ चे आणि केबल ३ ची असेल तर मशीन चालू होतं पण स्क्रीन काळीच राहते, किंवा मधेच सिग्नल जातो. असं झालं तर बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन स्लॉट ‘ऑटो’वरून केबलच्या पिढीवर आणायचा. तिथे पोचायला चित्र लागतं, म्हणून प्रोसेसर शक्यतो आतलं ग्राफिक्स असलेला घ्या. परगावी कार्डाने दगा दिला तरी निदान फायली काढता येतात, मेल पाठवता येतात.

एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, एसएफएक्स मापाचा लागतो: १२५ × ६३.५ × १०० मिलिमीटर. एसएफएक्स-एल म्हणून लिहिलेला १३० मिलिमीटर खोल असतो. तो बसतो का आणि बसला तर कार्डाची लांबी किती कमी होते, हे कॅबिनेटच्या माहितीत बघा. वॉटचा हिशेब सोपा आहे. माझ्यासारख्या कामाला आरटीएक्स ४०६० टीआयचं १६ जीबीवालं कार्ड धरा, १६५ वॉट. ६५ वॉट लिहिलेला एएमडीचा रायझन प्रोसेसर भरात ८८ पर्यंत जातो. बोर्ड, एसएसडी, पंखे मिळून ढोबळ पन्नासेक. तीनशेच्या आसपास झाले. ४५० वॉटचा चांगला एसएमपीएस पुरतो. ६०० चा घेतला तर त्याचा पंखा हळू फिरतो आणि पुढे कार्ड बदलायला वाव राहतो. पैसे वाचवायची ही जागा नाही. छोट्या डब्यात एसएमपीएस सगळ्यांच्या उष्णतेत बसलेला असतो.

उष्णतेचा विचार आपल्या माळव्यातल्यांनी जरा जास्तच करायला हवा. मे महिन्यात दुपारी बाहेर ४०-४२ अंश असताना खोलीतली हवाच तापलेली असते, आणि प्रोसेसरवर बसणारा पंख्याचा कूलर त्याला त्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. डॅन ए४ मध्ये कूलरला ४८ मिलिमीटरच उंची मिळते. नॉक्टुआचा ३७ मिलिमीटरचा एनएच-एल९ ऑफिसच्या कामाला उत्तम, पण रात्रभराच्या रेंडरला इथल्या उन्हाळ्यात मी त्याच्या भरवशावर राहणार नाही. थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७ हा ४७ मिलिमीटरचा जास्त बरा. फ्रॅक्टल टेरात मधला पत्रा सरकवता येतो. कार्ड पातळ असेल तर पत्रा तिकडे ढकलून कूलरला ७७ मिलिमीटरपर्यंत उंची मिळते. त्याची मापंही सोयीची आहेत, ३४३ × १५३ × २१८. वर काढलेला जाडीचा हिशेब त्यात नीट बसतो. विमान, रेल्वे, बस तिन्ही करणाऱ्याला मी आधी हेच बघायला सांगेन.

प्रोसेसरलाही आवर घालता येतो. १०५ वॉट लिहिलेला रायझन १४२ वॉटपर्यंत ओढतो. बायॉसमधला ६५ वॉटचा इको मोड लावला की तोच ८८ वर थांबतो. रेंडर थोडा लांबतो, पण डबा शांत राहतो. आणि बहिणीच्या घरी त्याच खोलीत भाची झोपलेली असते, तेव्हा शांतपणाला फार किंमत आहे.

वॉटर कूलिंग कॅबिनेटमध्ये बसतं म्हणून घालू नका. पंप, नळ्या, रेडिएटर ही प्रवासात हलणाऱ्या वस्तूंची भर, आणि परगावी पंप गेला तर त्याच मापाचा दुसरा मिळेपर्यंत काम बंद. पंखा मात्र कुठल्याही गावात मिळतो.

बाहेरच्या पत्र्याबद्दल माझं मत पक्कं आहे: जाळीदार धातू, काच नको. टेम्पर्ड काच सपाट बाजूवर बराच मार सोसते, पण कडेला टणक काही लागलं की चुरा होते, आणि बॅगेत कडाच आधी आपटतात. बाजूचे पत्रे हाताने निघणारे असावेत. केबिन बॅगेत स्क्रूड्रायव्हर नेऊ देत नाहीत आणि तपासणीत कॅबिनेट उघडून दाखवायला सांगितलं तर तिथे पान्हे कुठून आणणार? बिलांची झेरॉक्स बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. धुळीची जाळी काढून धुता यावी. वर हँडल असेल तर त्याला धरून भरलेलं कॅबिनेट दुकानातच उचलून बघा. शोभेचं हँडल आणि वजन पेलणारं हँडल यात फरक असतो.

ज्यांना ग्राफिक्स कार्ड लागतच नाही त्यांना यातलं निम्मं वाचायची गरज नव्हती. आमच्या ओळखीचे एक काका दिवाळी अंकांची मांडणी करतात. त्यांच्यासारख्यांना ॲसरॉकचा डेस्कमिनी एक्स३०० पुरतो. १५५ × १५५ × ८० मिलिमीटर, दोन लिटरच्याही आत, बाहेर लॅपटॉपसारखा ॲडॉप्टर. टिफिनच्या पिशवीत जातो.

निघायच्या आदल्या दिवशी: साडेतीन इंची हार्ड डिस्क आत असेल तर ती काढा, किंवा मुळात घेऊच नका, बोर्डावरच बसणाऱ्या एम.२ एसएसडीवर काम करा आणि बॅकअप वेगळ्या बॅगेत न्या. कार्डाचे ब्रॅकेटवरचे दोन्ही स्क्रू आवळा. वायफायचे अँटेना फिरवून काढा, ते हटकून वाकतात. कॅबिनेट थेट-स्लॉटचं असेल तर बोर्ड खाली आडवा आणि कार्ड त्यावर उभं राहील असं झोपवून न्या, म्हणजे वजन सरळ स्लॉटमध्ये उतरतं. कार्ड फार जड असेल तर सरळ काढून त्याच्या अँटीस्टॅटिक पिशवीत घाला. आतल्या पोकळीत थर्मोकोलचे तुकडे कोंबू नका, त्याने स्थिर वीज तयार होते. गुलाबी अँटीस्टॅटिक बबल रॅप मिळतो तो वापरा, आणि पोचल्यावर चालू करायच्या आधी तो काढायचा हे चिठ्ठीवर लिहून पॉवर बटणावर चिकटवा.

पॉवर कॉर्ड, स्पाइक गार्ड, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट दोन्ही केबली घ्या; समोरच्या मॉनिटरला काय असेल सांगता येत नाही. यूएसबी-सीवाला पोर्टेबल मॉनिटर नेणार असाल तर मदरबोर्डच्या यूएसबी-सीमधून चित्र निघतं का ते आधी बघा. पुष्कळ बोर्डांत निघत नाही, मग एचडीएमआय आणि वेगळा पॉवर द्यावा लागतो. पावसाळ्यात अवंतिका एक्सप्रेसच्या एसी डब्यातून मुंबईत उतरलात तर घरी पोचून बॅग तास-दोन तास तशीच बंद राहू द्या, थंड पत्र्यावर दमट हवेचं पाणी धरतं. कॅबिनेट ठेवायचं ते टेबलावर किंवा फरशीवर, दोन्ही जाळ्यांपुढे वीतभर जागा सोडून. गादीवर कधीच नाही.

खरेदीचं सांगायचं तर आपल्याकडे आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये रॅम, एसएसडी, पंखे सहज मिळतात, पण मिनी-आयटीएक्स बोर्ड आणि ही कॅबिनेटं बहुधा मागवावी लागतात. ऑर्डर देताना तीन मापं दुकानदाराला लिहून द्या: कार्डाची लांबी, कार्डाची जाडी, कूलरची उंची. माल आला की सगळं एकदम जोडू नका. आधी बोर्ड बाहेरच खोक्यावर ठेवून कार्ड थेट स्लॉटमध्ये लावून चालवा, मग तेच रायझर केबलवरून चालवा. दुसऱ्या वेळी गडबड झाली तर दोष केबलकडे आहे हे लगेच कळतं, आणि परत करायची मुदत संपायच्या आत ती बदलून घेता येते.